नवख्या ड्रायव्हरचा पगार कापू नका, त्याला पुन्हा यार्डात आणा

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व ट्रकमालक आणि मालवाहतूकदार संघटनांचे पदाधिकारी,
तसेच माननीय परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य

विषय : नव्या ट्रकचालकांच्या सुरुवातीच्या चुका आणि त्यानंतरचं प्रशिक्षण

सप्रेम नमस्कार.

गोदामाच्या गेटाला गाडी घासली, फाळका वाकला, आरसा फुटला, टेललाइटचा चुरा झाला, की तुमच्या ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती लागणार?" गॅरेजवाला आकडा सांगतो. एवढ्याशा कामासाठी विम्याचा क्लेम केला तर पुढच्या वर्षीचा 'नो क्लेम' बोनस जातो, म्हणून क्लेम होत नाही. मग तो आकडा पोराच्या पगारातून दोन-तीन महिन्यांत वळता होतो, किंवा त्याच दिवशी त्याचा हिशेब करून त्याला घरी पाठवलं जातं. तो चार दिवस गावी बसतो आणि पाचव्या दिवशी दुसऱ्या शेठच्या गाडीवर चढतो. तिथे तो आधीच्या गाडीचं काही सांगत नाही. सांगितलं तर गाडी कोण देईल?

या सगळ्यात गाडी दुरुस्त होते. पोराचं काय चुकलं होतं, हे मात्र कोणीच विचारलेलं नसतं. गेटाचा खांब त्याला आरशात दिसलाच नाही, की दिसूनही अंदाज चुकला? वळताना मागची चाकं आत कापतात हे त्याला ठाऊक होतं का? मागून हमाल "येऊ दे, येऊ दे" ओरडत होता म्हणून त्याने घाई केली का? या प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक उत्तरावर शिकवणीही वेगळी आहे. पगार कापणं मात्र सगळ्यांना सारखंच.

मी बरीच वर्षं लाइनवर गाडी चालवली. आता नव्या पोरांना गाडी शिकवतो, आणि त्यातही जास्त करून ज्यांच्या हातून पहिल्या वर्षात काही घडलंय अशांना. ही पोरं कोणत्या तयारीवर रस्त्यावर येतात आणि थोडं नीट शिकवलं तर किती लवकर सुधारतात, हे रोज पाहतो. म्हणून हे पत्र.

आपल्या धंद्यात शिकण्याची जुनी रीत होती ती किन्नराची, म्हणजे ड्रायव्हरच्या हाताखालच्या मदतनीस पोराची. पोरगं सोळा-सतरा वर्षांचं असताना उस्तादाच्या गाडीवर चढायचं. काच पुसायची, टायर ठोकून हवा बघायची, ताडपत्री बांधायची, दोरखंड आवळायचे, रिव्हर्सला मागे उभं राहून हात दाखवायचा. उस्ताद मनात आलं तर शिकवायचा, नाही तर शिव्या घालायचा. मारही पडायचा. पगार नावापुरता. ती रीत परत आणा असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यात पोरांचे हाल झाले आणि कित्येकांना उस्तादाची व्यसनंही त्याच्या विद्येबरोबर चिकटली. पण एक गोष्ट त्या रीतीत होती. स्टेअरिंग हातात येण्याआधी त्या पोराने डाव्या सीटवर बसून कसारा, बोरघाट, खंबाटकी सगळ्या ऋतूंत पाहिलेले असायचे. कुठे गियर खाली घ्यायचा, कुठे गाडी दम टाकते, कुठल्या वळणावर समोरचा आपल्या अंगावर येतो, हे त्याला न सांगता कळलेलं असायचं.

आज किन्नर उरले नाहीत. भाडं परवडत नाही, रस्ते सुधारले, गाड्यांना पॉवर स्टेअरिंग आलं, एकाच माणसावर गाडी जाऊ लागली. त्याची कारणं मला समजतात. पण किन्नर गेला तेव्हा त्याच्याबरोबर ती शिकवणीही गेली, आणि तिच्या जागी आपण काय ठेवलं?

कायद्याने ठेवलंय ते असं. वय वीस पूर्ण हवं, हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना हवा, मग जड वाहनाचा शिकाऊ परवाना, मग परीक्षा. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम १ जुलै २०२१पासून लागू झाले. त्यात जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे आणि तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओत पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. हे नियम चांगले आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. पण अशी केंद्रं अजून मोजकीच आहेत. बहुतेक पोरं गल्लीतल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या, रिकाम्या गाडीवर शिकतात, सपाट मैदानात चाचणी देतात आणि परवाना घेऊन तुमच्या दारात उभी राहतात. तीन आसांची दहाटायरी गाडी माल धरून साडेअठ्ठावीस टनांची होते. रिकाम्या गाडीचा ब्रेक आणि या गाडीचा ब्रेक यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते अंतर पोराला पहिल्यांदा कळतं ते चालू रस्त्यावर, पुढे एखादी स्कूटी असताना.

उताराचंच घ्या, कारण नव्या पोराची सगळ्यात महागडी चूक तिथे होते. पुण्याकडे येताना नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नऱ्ह्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये याच उतारावर एका अवजड गाडीने ४८ वाहनांना धडक दिली. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात समोर आलं. नोव्हेंबर २०२५मध्ये त्याच ठिकाणी कंटेनरच्या अपघातात आग लागली आणि आठ माणसं गेली. या चालकांचा न्याय करायला मी बसलेलो नाही, ते काम न्यायालयाचं. मी एवढंच म्हणतो की त्या उतारावरून रोज शेकडो भरलेल्या गाड्या उतरतात, आणि त्यांतल्या अनेक पोरांना गाडी उतारावर कशी धरायची हे कोणी शिकवलेलं नसतं. उलट न्यूट्रल मारायला, म्हणजे गियर काढून गाडी उतारावर सोडायला, मात्र शिकवलेलं असतं.

न्यूट्रल कोण शिकवतं, याचा आपण प्रामाणिकपणे विचार करूया. पोराला ट्रिपचं डिझेल मोजून मिळतं. अॅव्हरेज कमी आलं की शेठ ओरडतो, जास्त आलं की शाबासकी, कधी उरलेल्या डिझेलचे पैसेही. ढाब्यावर जुना कोणी तरी सांगतो की उताराला गियर काढ, चावी फिरव, दोन लिटर वाचतात. पोरगं ऐकतं. ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, आणि इंजिन बंद झालं की हवेचा कॉम्प्रेसर थांबतो. ब्रेक दाबेल तशी टाकीतली हवा संपत जाते आणि नवी भरत नाही. स्टेअरिंग दगडासारखं जड होतं. गियर नसल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे ड्रम तापतात, लाइनरचा वास सुटतो, आणि एका क्षणी पाय पूर्ण दाबूनही गाडी धरत नाही. त्याच क्षणी तो गियर टाकायला जातो आणि वेगामुळे गियर पडत नाही.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे इंजिन चालू ठेवून मारलेल्या न्यूट्रलने डिझेल वाचतच नाही. आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गियरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन डिझेल घेणंच थांबवतं, कारण चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला चालू राहण्यासाठी डिझेल प्यावंच लागतं. ही गोष्ट मी पोरांना सांगतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. मग ज्या गाडीच्या डॅशबोर्डावर क्षणाक्षणाचं अॅव्हरेज दिसतं अशा गाडीत बसवून उतारावर दाखवतो. काटा बघितला की पुढे समजवावं लागत नाही. "मामा, हे शेठला पण दाखवा," असं एक पोरगा म्हणाला होता. म्हणून इथे लिहितोय.

ज्या गियरमध्ये चढलास त्याच गियरमध्ये उतर, एक्झॉस्ट ब्रेकचं (इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणाऱ्या ब्रेकचं) बटण घाटाच्या आधी दाब, घाट सुरू होण्याआधी हवेचा काटा बघ, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, दाब आणि सोड. हे सगळं तोंडी सांगायला पाच मिनिटं लागतात. अंगात मुरायला भरलेल्या गाडीत, शेजारी जाणता माणूस बसलेला असताना, दिवसाउजेडी केलेल्या काही खेपा लागतात. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याच्या बाजूला उतरतानाचं ते दुहेरी वळण पहिल्यांदा रात्री दोनला, एकट्याने, झोप आवरत पाहावं लागणं ही शिकण्याची पद्धत नव्हे. त्या वळणाने किती जीव घेतलेत ते सातारा-पुणे करणाऱ्या कोणालाही विचारा.

आता यार्डातली एक गोष्ट सांगतो. एका पोराने भिवंडीच्या गोदामांच्या गल्लीत डावीकडे वळताना उभी मोटारसायकल चिरडली. सुदैवाने तिच्यावर कोणी नव्हतं. मोटारसायकलवाल्याला पैसे दिले, पोराच्या पगारात कपात लागली, आणि त्याच्या मालकाने, हे त्या माणसाचं मोठेपण, कपातीवर न थांबता त्याला माझ्याकडे पाठवलं. पोरगं मान खाली घालून उभं. "उस्ताद, ती मोटारसायकल तिथे नव्हतीच," एवढंच परत परत म्हणत होतं. शेठला वाटलं होतं हा खोटं बोलतोय.

मी त्याला केबिनमध्ये ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि यार्डातल्या एकाला मोटारसायकल घेऊन गाडीच्या डाव्या बाजूला, पुढच्या चाकाजवळ उभं केलं. म्हटलं, सांग कुठे आहे. त्याने डावा आरसा बघितला, काच बघितली, मान उंच केली. दिसेना. मग मोटारसायकल हळूहळू मागे घ्यायला लावली, आणि ज्या जागी ती आरशात दिसू लागली तिथे जमिनीवर फक्कीने रेघ मारली. तसंच पुढे, तसंच बाजूला. शेवटी त्याला खाली उतरवून ती सगळी रेघांची जागा दाखवली. गाडीच्या डाव्या अंगाला माणसं, सायकली, लहान पोरं सहज मावतील एवढा तुकडा, आणि त्यातलं काहीही वरून दिसत नाही. पोरगं त्या रेघांभोवती चालत राहिलं. मग म्हणालं, "म्हणजे तिथे कोणी उभं असतं तर?" त्यानंतर मी त्याला दुपारभर यार्डात मांडलेल्या रिकाम्या ड्रमांमधून डावीकडे वळायला लावलं. गाडी आधी थोडी उजवीकडे रुंद घे, मागची चाकं कुठून जातायत ते आरशात बघत वळ, शंका आली तर थांब, हँडब्रेक ओढ आणि उतरून बघ. उतरून बघण्यात कमीपणा नाही, हे मी दर वेळी सांगतो, कारण मागे हॉर्न वाजत असताना उतरायला या वयात फार लाज वाटते.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला ती मोटारसायकल खरंच दिसली नव्हती. पगार कितीही कापला असता तरी त्याला डाव्या बाजूचा तो तुकडा दिसला नसता.

मालकहो, तुमची बाजूही मला माहीत आहे. हप्ता थांबत नाही, टायरचे भाव चढतात, पार्टी पेमेंट लांबवते, आणि एका घासणीत महिन्याचा नफा जातो. तुमच्यातल्या बहुतेकांकडे पाच-पन्नास गाड्या नाहीत, एक-दोन आहेत. वर एक तक्रार मी दर वेळी ऐकतो : "आम्ही शिकवायचं, आणि शिकला की पोरगा दुसऱ्याकडे पाचशे जास्त मिळाले म्हणून जातो." खरं आहे, काही जातात. पण न शिकवलेला पोरगाही जातोच, आणि तुमच्याकडे येतो तोही कोणी तरी न शिकवताच सोडलेला असतो. माझ्या पाहण्यात जी पोरं टिकली, त्यातली बरीच अशा मालकांकडे टिकली जिथे पहिल्या चुकीनंतर त्यांना हाकललं नाही. अशा ठिकाणी पोरगं लपवत नाही. टायरला भेग दिसली तरी फोन करतं, ब्रेकची हवा लवकर उतरतेय असं वाटलं तरी सांगतं. जिथे प्रत्येक गोष्टीची किंमत वसूल होते, तिथे तो भेग गेलेला टायर गपचूप आतल्या बाजूला फिरवून टाकतो.

शिवाय कपातीबद्दल एक साधी आठवण. नुकसानीपोटी पगार कापायचा तर आधी त्या माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही, हे १९३६च्या वेतन कायद्यापासून चालत आलेलं आहे. ही संधी तुमच्या ऑफिसात किती पोरांना मिळते?

कुठली चूक शिकवणीने सुटते आणि कुठली नाही, यात माझ्या मनात गोंधळ नाही. दारू पिऊन गाडी, चालत्या गाडीत मोबाइलवर व्हिडिओ, जखमीला टाकून पळणं, माल विकणं, यांना माझ्याकडे दयामाया नाही. अशा माणसाला स्टेअरिंगपासून दूरच ठेवावं. मी बोलतोय ते अंदाजाच्या, सवयीच्या, न कळल्यामुळे झालेल्या चुकांबद्दल. आणि थकव्याच्या चुकांबद्दल, ज्यात आपला वाटा आहे. दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, हे १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात लिहिलेलं होतं. नाशिकहून माल भरून "सकाळी सहाच्या आत न्हावा शेवा" असं सांगताना आपण त्या पोराला झोपायला वेळ कुठे ठेवला, हे एकदा कागदावर मांडून बघा.

पळण्यावरून आठवलं. जानेवारी २०२४मध्ये ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि राज्यभर पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेतल्या कलमाची ती भीती होती. १ जुलै २०२४ला संहिता लागू झाली, तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. त्या दिवसांत कलमावर खूप बोललं गेलं. पण अपघात झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, हे कोणत्या नव्या पोराला कोणी शिकवलं? गाडी कुठे थांबवायची, इशाऱ्याचा त्रिकोण किती मागे ठेवायचा, १०८ ला काय सांगायचं, जमाव अंगावर येत असेल तर जवळचं पोलीस ठाणं कसं गाठायचं. जखमीला मदत करणं हे चालकाचं कर्तव्य आहे, आणि जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर काय, याचाही विचार मोटार वाहन कायद्याच्या १३४व्या कलमात केलेला आहे. हे त्याला आधी माहीत असेल तर भीतीने पळणारी निम्मी पोरं पळणार नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. नवा पोरगा घेतला की पहिले तीन महिने त्याला एकट्याने घाटाची आणि रात्रीची ट्रिप देऊ नका. जुन्या ड्रायव्हरबरोबर पाठवा, आणि त्या जुन्याला शिकवण्याचा वेगळा भत्ता द्या. तो फुकट शिकवणार नाही आणि त्याने का शिकवावं? पोराने स्वतःहून सांगितलेल्या पहिल्या किरकोळ नुकसानीचे पैसे कापू नका, त्याऐवजी त्याला दोन दिवस गाडीवरून उतरवून यार्डात बसवा आणि झालं ते त्याच जागी, नाही तर ड्रम मांडून, पुन्हा करून घ्या. ते दोन दिवस भरपगारी असू द्या, नाही तर ती पुन्हा शिक्षाच झाली. जीपीएसवर जोरात ब्रेक मारल्याचे, वेग वाढल्याचे इशारे तुमच्या मोबाइलवर येतातच. ते फोनवर ओरडण्यासाठी न वापरता आठवड्यातून एकदा पोराला समोर बसवून बघा, "इथे काय झालं होतं रे?" एवढंच विचारा. आणि अपघातानंतर लगेच दुसऱ्या दिवशी त्याला लाइनवर पाठवू नका. हात थरथरत असतात. काही पोरं इतकी दबकतात की हायवेवर चाळीसने जाऊन मागच्याला संकटात टाकतात. काही उलट, आपण घाबरलो नाही हे दाखवायला जास्तच दामटतात.

एक-दोन गाड्या असलेल्या मालकाला हे एकट्याने जमणार नाही. त्यासाठी संघटना आहेत. कळंबोली, निगडी, भिवंडी, नागपूरचं वाडी, प्रत्येक ठिकाणी शेकडो गाड्या उभ्या असतात. सगळ्यांनी मिळून एक यार्ड आणि एक शिकवणारा ठेवायचा म्हटलं तर गाडीमागे महिन्याला फार खर्च येणार नाही. पैसा गोळा करायची आपल्याला सवय आहे. चक्काजामच्या वेळी होतोच.

आपल्याच राज्यात एसटीकडे बघा. एसटीत भरती झालेल्या चालकाला आधी प्रशिक्षण मिळतं, अपघातानंतर उजळणीला पाठवण्याची पद्धत आहे, आणि वर्षानुवर्षं विनाअपघात गाडी चालवणाऱ्याचा जाहीर सत्कार होतो. एसटीचे स्वतःचे प्रश्न पुष्कळ आहेत, ते मी जाणतो. पण लाल गाडीच्या चालकाला जे मिळतं, ते त्याच रस्त्यावर त्याच्या पुढे चालणाऱ्या ट्रकवाल्याला का मिळू नये?

माननीय आयुक्त महोदय, आता आपल्याकडे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने उजळणी प्रशिक्षण आलं आहे, पण ते कोणासाठी? ज्याचा परवाना निलंबित झाला त्याच्यासाठी. धोकादायक मालाच्या चालकाला परवान्याच्या नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी करावी लागते, ही चांगली गोष्ट आहे. मनमाडच्या इंधन टँकरवाल्यांना त्यामुळे निदान काही तरी शिकायला मिळतं. बाकीच्या सगळ्यांना मात्र पाच वर्षांनी परवाना नुसता नवा करून मिळतो. युरोपीय देशांत व्यावसायिक ट्रकचालकाला दर पाच वर्षांत ३५ तासांचं प्रशिक्षण पुन्हा घ्यावं लागतं, त्याने कोणताही गुन्हा केलेला नसताना. आपल्याकडे उजळणी म्हणजे शिक्षा, अशी समजूत झाली आहे, आणि ती मोडणं आपल्या हातात आहे.

मला हवं आहे ते असं : जड वाहनाचा परवाना मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात चालकाला किंवा मालकाला स्वतःहून मागता येईल असा दोन-तीन दिवसांचा वर्ग प्रत्येक जिल्ह्यात सुरू करावा. त्याची नोंद चालकाच्या विरोधात कुठेही वापरली जाणार नाही, हे लेखी द्यावं. वर्ग मराठी आणि हिंदीत असावा, आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही घ्यावा. व्यावसायिक परवान्यासाठीची आठवी पासची अट २०१९मध्ये निघाली, तेव्हा लिहिता-वाचता न येणारेही आता कायद्याने चालक आहेत आणि त्यांच्यासाठी चित्रं, प्रात्यक्षिक आणि तोंडी शिकवणी लागणार. आणि हा वर्ग भरलेल्या गाडीवर व्हावा. वाळूची पोती भरा, काँक्रीटचे ठोकळे भरा, काहीही भरा, पण गाडी वजनावर असू द्या. भोसरीच्या केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेसारखी जाणकार संस्था आपल्याच राज्यात आहे. तिच्याकडून अभ्यासक्रम आखून घेता येईल आणि शिकवणारे तयार करता येतील.

देशात २२ लाख चालकांची कमतरता आहे, असं केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी सांगितलं आहे आणि नवी प्रशिक्षण केंद्रं उभारायची योजनाही मांडली आहे. नवी पोरं येत नाहीत याची कारणं बरीच आहेत : घरापासून दूर राहणं, रस्त्यातला त्रास, लग्नाला मुलगी न मिळणं. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलंच झालं. पण जी पोरं आली त्यांतली किती पहिल्याच वर्षात, एका घासणीनंतर, कर्ज अंगावर घेऊन धंदा सोडून गेली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. त्यांतल्या काहींना मी ओळखतो. त्यांचा हात वाईट नव्हता. एक जण आता गावी रोजंदारीवर जातो, आणि आजही ट्रकचा आवाज ऐकून गाडी कुठल्या गियरमध्ये आहे ते सांगतो.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. आपल्या राज्याचा वाटा दरवर्षी पंधरा हजारांच्या घरात असतो. हे सगळे ट्रकमुळे गेले नाहीत, नवख्या चालकांमुळे तर नाहीतच, आणि कित्येकदा मरणारा ट्रकचालकच असतो. रस्ता, खड्डे, चुकीच्या बाजूने येणारी दुचाकी, न उजळणारे दिवे, हायवेवर अंधारात बंद पडलेला ऊसाचा ट्रॅक्टर, सगळ्यांचा त्यात भाग आहे. पण पोराला शिकवणं ही यातली अशी एक गोष्ट आहे जिच्यासाठी आपल्याला ना भूसंपादन लागतं, ना निविदा.

पावसाळा येतोय. जूनपासून भाडी कमी होतात, गाड्या अड्ड्यावर आठवडा आठवडा उभ्या राहतात, पोरं पत्ते कुटत बसतात किंवा गावी जातात. ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा मारायचा, धुक्यात बोरघाट कसा उतरायचा, हे शिकवायला याहून चांगले दिवस नाहीत. एका संघटनेने, कुठल्याही एका ट्रान्सपोर्टनगरात, जुलैचे दोन आठवडे यार्डाचा एक कोपरा मोकळा करून द्यावा आणि पहिल्या वर्षातली दहा-बारा पोरं भरपगारी पाठवावीत. परिवहन विभागाने एक मोटार वाहन निरीक्षक बघायला पाठवावा, म्हणजे आयुक्त कार्यालयालाही काय चालतं आणि काय चालत नाही ते समजेल. पहिल्या तुकडीला मी स्वतः येईन, मानधन नको. गाडी मात्र भरलेली द्या.

आपला,
नव्या पोरांना गाडी शिकवणारा एक जुना ड्रायव्हर